हॅनिबल आणि आमची चौथी जोडी

हॅनिबल आमच्या घरात आला तो अण्णांचा पाय मोडला म्हणून. एरवी त्याची आणि आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील. मृगाच्या तोंडावर ते बियाणं घेऊन येत होते, सेनगावच्या रस्त्याला गाडीचं चाक चाकोरीतून निसटलं, गाडी कलंडली आणि त्यांच्या उजव्या पायावर पडली. हिंगोलीच्या दवाखान्यातून मांडीपर्यंत प्लास्टर घालून ते परत आले आणि ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले. ऐन पेरणीत बाजेवर पडून राहणं म्हणजे काय असतं, ते शेतकऱ्यालाच विचारावं. आधी ते पावसावर चिडले, मग मायवर, मग भाकरीवर. भाकरी काल होती तशीच होती, पण त्यांना ती जाड लागायला लागली. शेवटी शाळेतल्या मास्तरांना आमची दया आली. त्यांनी कपाटातलं एक जाडजूड पुस्तक आणून अण्णांच्या छातीवर ठेवलं. त्याला पुठ्ठा नव्हता, पुढची पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे लिहिणारा कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही. आत कार्थेज नावाच्या शहरातल्या एका सेनापतीची हकीकत होती. दोन हजार वर्षांहून जुनी.

अण्णा सातवी शिकलेले. मोठ्यानं वाचल्याशिवाय आपण वाचलं असं त्यांना वाटायचंच नाही. त्यामुळे त्या पावसाळ्यात दिवेलागणीला आमच्या ओसरीवर रोज लढाई व्हायची. वर पत्र्यावर पाऊस, आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी, आणि ओसरीला लागूनच गोठा असल्यामुळे चांद्या-शेंद्र्याचं रवंथ. ही आमची लालकंधारी जोडी. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि शेंद्र्या अंगानं मारुतीच्या शेंदरासारखा. मान हलवली की त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. चांद्याच्या माळेतलं एक घुंगरू चिरलेलं होतं, ते मध्येच खोकल्यासारखं वाजे. अण्णांना अंधारात नुसत्या आवाजावरून कुठला बैल उठला, कुठला बसला ते कळायचं. त्या सगळ्या आवाजांतून वाट काढत अण्णा हॅनिबलला पुढं न्यायचे.

माय ऐकत नाही असं दाखवायची. पण सुरुवातीलाच, लहानग्या हॅनिबलला त्याचा बाप देवापुढं उभा करतो आणि रोमशी कधी दोस्ती करणार नाही अशी शपथ घ्यायला लावतो, तिथं तिनं भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "आन त्याची माय कुठं हाय?"

अण्णांनी मागची दोन पानं चाळली, पुढची दोन चाळली. "मायचं काई लिव्हलं न्हाई."

"मंग पुस्तक अर्धंच हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पुढं मात्र ती अडकली. रोमच्या लोकांनी समुद्र राखला, रस्ते राखले, पण आल्प्सचा डोंगर राखला नाही, कारण शहाणा माणूस फौज घेऊन तिकडून येईलच कशाला? आणि हॅनिबल नेमका तिकडूनच आला, बर्फातून, हत्ती घेऊन. हत्तींना थंडी वाजली असेल म्हणून मायनं चारदा हळहळ केली. वाटेत दरड आडवी आली तर त्यानं ती जाळ घालून तापवली, वर आंबलेली दारू ओतली आणि फोडली, असं अण्णांनी वाचलं. तेव्हा माय म्हणाली, "आंबट ताक बी चाललं असतं की. परक्या मुलखात दारू कशाला नासवायची?" पुढं दलदलीत त्याचा एक डोळा गेला, तर दुसऱ्या दिवशी मला शेतातून येताना तिनं डोळ्यात माती जाऊ देऊ नको म्हणून बजावलं. आमच्या घरात त्या वर्षी इतिहास असा मिसळला होता. मी पुढं इतिहास बराच वाचला, परीक्षेसाठी नाही, हट्टानं. पण तसा मिसळलेला पुन्हा मिळाला नाही.

मग कॅनीची लढाई आली. थोडक्या फौजेनं मोठ्या फौजेला कवेत घेऊन संपवलं. अण्णा बाजेवर अर्धे उठून बसले होते. रोमची वाट मोकळी झाली होती. आणि पुढच्या पानावर हॅनिबल रोमवर गेलाच नाही.

"काहून?" मायचा हात पिठात तसाच राहिला.

"माणसं थकली असतील. तटबंदी फोडायचं सामान नसंल."

"थकलं तर बसावं माणसानं. पण जाऊन त्याच्या दारात बसावं. जितल्यावर थांबला काहून?"

अण्णांनी पान मागं उलटून पुन्हा वाचलं. पुस्तक लिहिणाऱ्यालाही ह्याचं उत्तर देता आलं नसावं, कारण त्यानं चार-पाच कारणं दिली होती, आणि एक कारण असलं की माणूस चार देत नाही. पुढं कितीतरी दिवस, मीठ आणायला सांगावं तशा सुरात, मधूनच माय तो प्रश्न विचारायची.

पण हॅनिबलवर ती खरी रागावली ती श्रावण सरता सरता. पुस्तक मध्येच कॅनीच्या आधीच्या वर्षाकडं वळलं, तिथं शत्रूनं खिंड अडवली म्हणून त्यानं बैलांच्या शिंगांना पलिते बांधले, पेटवले आणि बैल डोंगरावर हाकले. ती आग म्हणजे फौजच चालली असं समजून शत्रू तिकडं धावला आणि हा मोकळ्या खिंडीतून निघून गेला. अण्णा खूष. मायनं मात्र हातातलं काम खाली ठेवलं. "बैलाच्या शिंगाला जाळ लावला? ज्या शिंगाला आपण हिंगूळ लावतो त्याला?" त्यानंतर दोन दिवस वाचन बंद. अण्णांनी सांगून पाहिलं की बाई, लढाईत असंच असतं. ती म्हणाली, "असंल. पण त्याच्या घरी पोळा होत नसंल."

आता पोळ्याचं आणि तात्याचं सांगायला हवं, कारण ही सगळी हकीकत तिथंच येऊन पोचते. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. वाटणीत चिंचेचं शेत आमच्याकडं आलं होतं. काळी, खोल, हळदीला सोन्यासारखी जमीन, बांधावर एक जुनी चिंच. अण्णांना मी एकटीच, माझ्या पाठीवर भाऊ नाही. त्यामुळे ते शेत शेवटी कुणातरी जावयाच्या घरात जाणार, त्यापेक्षा ते आपल्या पोरांनी केलेलं काय वाईट, असं तात्याचं गणित. अण्णा पडल्यापासून ते दर दोन दिवसांनी येऊन हे गणित गोड आवाजात सांगायचे. गोड आवाजाचा मला तेव्हापासून जो राग आहे तो आहे. कुणी शिव्या दिल्या तर मी बसून ऐकून घेईन, पण "समजुतीनं घे" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या गावात पोळ्याला जोड्यांचा क्रम ठरलेला असे. वेशीबाहेरच्या माळावर सगळ्या जोड्या जमायच्या. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. आधी पाटलाची जोडी, मग मानाच्या आणखी दोन, आणि चौथी आमची. तोरणाखालून मारुतीपर्यंत. आणि त्या वेळी कासरा ज्याच्या हातात, त्या घरची वहिती, म्हणजे शेत कसायचा हक्क, त्याची, असं गाव धरून चालायचं. कागद तलाठ्याकडं असतील ते असोत. खालच्या आळीतल्या एका विधवा काकूची जोडी तिच्या पुतण्यानं एक वर्ष "मदत म्हणून" तोरणाखालून नेली होती. पुढच्या पेरणीला तिफण त्याची होती आणि काकू बांधावर उभी होती. कुणी भांडलंही नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना, कासरा कुणाच्या हातात होता ते.

खांदेमळणीच्या संध्याकाळी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी चांद्या-शेंद्र्याच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते. वर्षभर जू वाहून तिथं घट्टे पडलेले असतात. चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तेवढ्यात तात्या आले, बाजेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "उद्या कासरा मी धरतो. तू काई तकलीफ घेऊ नको."

अण्णांनी प्लास्टरवर हात ठेवला. मोडक्या पायाचा माणूस काय बोलणार?

"मी धरीन," मी गोठ्यातून म्हटलं.

तात्या हसले. "पोळ्यात पोरीच्या हातात कासरा? गाव काय म्हणंल?"

मी तेरा वर्षांची होते, पण मला बोलता येत होतं. "आखाडभर मीच डवरा हाणला, तात्या. सगळं तण मीच काढलं. तवा गाव काई म्हणलं न्हाई."

मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दिराशी ती समोरासमोर कधी बोलली नव्हती, थोरल्या दिराशी बोलायची रीतच नव्हती. जे सांगायचं ते माझ्या तोंडून. ती दाराआडून म्हणाली, "सुमे, त्यांला म्हणावं, चहा झालाय. पिऊन जा." म्हणजे आता उठा. तात्यांना ते बराबर कळलं. चहा न पिताच ते गेले, आणि अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, वर बेगड चिकटवली, पाठीवर मायच्या लग्नातल्या जुन्या शालूची झूल टाकली. घरभर पुरणाचा वास, पाट्यावर वरवंटा चाललेला. दुपार कलल्यावर मी कासरा हातात घेऊन बोळात आले, तर बोळाच्या तोंडाशी, तात्याच्या घरासमोर, त्यांची गाडी आडवी. दगडांनी शिगोशीग भरलेली. माणूस अंग चोरून जाईल, बैल नाही. तात्या पांढरंशुभ्र धोतर नेसून ओट्यावर उभे.

"काय करावं पोरी, आज पोळा. बैलाच्या खांद्यावर जू ठेवता येत न्हाई, गाडी हालवावी कशी? उद्या काढतो. तू असं कर, आमच्या अंगणातून एकेक बैल काढ. इकडं माझ्या हातात दे."

काय डोकं लढवलं होतं. वर्षातला एकच दिवस असा की ज्या दिवशी गाडी आडवी लावली तर ती हलवायला कुणी बैल जुंपू शकत नाही. रीत त्यांच्या बाजूनं उभी केली होती, दगड भरून. पंचवीस माणसं बोलावली असती तर गाडी ढकलता आली असती, पण आमच्यासाठी पंचवीस माणसं आणणार कोण? वेशीकडून हलगी सुरू झाली होती.

मी बैल माघारी फिरवले. दारात माय उभी होती. आमच्या घरामागं उतार, उताराखाली ओढा, ओढ्यापलीकडं टेकडी. टेकडीला वळसा घातला की पाऊलवाट थेट वेशीबाहेरच्या माळावर निघते. ती वाट कुणी अडवली नव्हती. अडवणार कशाला? आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर माशी बसू देत नाहीत. धुतलेली, रंगवलेली, झूल घातलेली जोडी ओढ्याच्या चिखलात घालणारा माणूस अजून जन्मला नव्हता. तात्यानं सगळं मोजलं होतं, एवढंच मोजलं नव्हतं. मी मायकडं पाहिलं. तिनं सजवलेल्या बैलांकडं पाहिलं, स्वतःच्या शालूकडं पाहिलं, मग ओढ्याकडं.

"निघाली तर मंग थांबू नको," ती म्हणाली.

तो ओढा आता पाहिला तर हसू येईल. त्यावर पूल झालाय, मोटारसायकली जातात, आणि माझे गुडघे उतार बघूनच कुरकुरतात. पण त्या दिवशी पाणी माझ्या कमरेला होतं, गढूळ आणि ओढणारं. काठावरची काळी माती अशी की पाय घातला तर चप्पल राहते आणि माणूस पुढं जातो. शेंद्र्या उतरायलाच तयार होईना. मी पाण्यात उभी राहून त्याला पुरणपोळीपासून शिव्यांपर्यंत सगळं बोलले. शेवटी चांद्या उतरला आणि त्याच्यामागं तो. मध्यावर माझा पाय निसटला, मी चांद्याच्या मानेला मिठी मारली आणि त्यानं मला तशीच पलीकडं ओढून नेली. झूल पाण्यात लोळली, हिंगूळ ओघळून बैलांच्या गालांवर आला, बेगड गेली. मी रडत होते, पण ती संतापानं, आणि रडताना चालता येतं हे मला त्या दिवशी कळलं. टेकडीच्या वळणावर मी हॅनिबलची एकदाच आठवण काढली. म्हटलं, बाबा, तुझ्याकडं हत्ती होते, हजारो माणसं होती. मला काय त्याचं कौतुक सांगतोस.

माळावर आम्ही उलट्या बाजूनं आलो. आधी पोरं ओरडली, मग माणसं वळली, आणि मग हलगी थांबली. सगळ्या जोड्या लखलखीत, आणि ह्या दोघांच्या पोटापर्यंत चिखल, शिंगांचा रंग तोंडावर. कुणीतरी हसलं. तात्या तोवर माळावर येऊन चौथ्या जागेपाशीच उभे होते, जोडी शेवटी आपल्याच हातात येणार म्हणून हात मोकळे ठेवून. त्यांच्या तोंडावरचा रंग मी विसरणार नाही. हिंगूळ नव्हता तो.

पाटील म्हातारे होते, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते जवळ आले, बैलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खरंच मायेनं म्हणाले, "ओढ्यातून आणली व्हय जोडी? शाब्बास पोरी. वाघीण हायेस. अख्ख्या गावानं पाहिलं. आता तुजा मान झाला, कासरा तात्याच्या हातात दे. तोरणाखालून गडीमाणूस नेईल. समजुतीनं घे."

सगळ्या माना हलल्या. आणि खरं सांगते, माझा हात सैल झाला. मी थकले होते, भिजले होते, चप्पल ओढ्यात गेली होती, आणि एवढ्या मोठ्या माणसानं मला चारचौघांत शाब्बास म्हटलं होतं. आणखी काय पाहिजे होतं? एक क्षण मला वाटलं की मी जिंकले. आणि तिथंच मायचा पिठातला तो हात डोळ्यांपुढं आला. जितल्यावर थांबला काहून?

मी कासऱ्याचा वेढा मनगटाला घातला. "पाटीलकाका, ओढ्यातून नेताना गडीमाणूस कुठं होता?"

मी बैलांच्या पुढं जाऊन उभी राहिले. "अण्णाचा पाय मोडलाय, हात न्हाई. आन त्यांचा हात मी हाय. मी जाते. आडवायचं तर तुमी आडवा, तात्यांनी न्हाई."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं.  हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते वळले, आपल्या जोडीपाशी गेले आणि हलगीवाल्याला हात केला. पहिली जोडी निघाली. दुसरी निघाली. तिसरी निघाली. तात्या एक पाऊल पुढं आले आणि नेमकं तेव्हाच चांद्यानं, ओल्या बैलाला सुचतं तसं, शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. ते पांढरं धोतर पुढं कधी नीट पांढरं झालं नाही म्हणतात. कुणीतरी पुन्हा हसलं, पण आता माझ्याकडं बघून नाही. मी बैल पुढं काढले. तोरणाची आंब्याची पानं माझ्या डोक्याला लागली. बाकी त्या क्षणाचं मला काही आठवत नाही. घुंगरं तेवढी वाजत होती, त्यातलं एक खोकत.

गावानं नंतर जे बोलायचं ते बोलून घेतलं. तात्या आमच्याशी बारा महिने बोलले नाहीत, त्यानं घरात शांतता झाली. पुढच्या पोळ्याला अण्णांचा पाय धड होता, तरी कासरा माझ्या हातात दिला आणि ते माझ्यामागं लंगडत चालले. चिंचेच्या शेतात आजही हळद निघते आणि ती वसमतच्या बाजारात माझ्या नावानं विकली जाते. मधल्या काळात चार वेळा चार शहाण्या माणसांनी येऊन मला ते शेत सोडून द्यायचं समजुतीनं सांगितलं. चारही वेळा मी त्यांना चहा पिऊन जा म्हटलं.

त्या संध्याकाळी मी त्याच ओढ्यानं बैल घेऊन घरी आले तेव्हा माय दारात आरतीचं ताट आणि तांब्या घेऊन उभी होती. वाहून गेलेला रंग, चिखलात बरबटलेला तिचा शालू, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. शेंद्र्याचे पाय धुतले, चांद्याचे धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळ्या चारल्या. मग तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन मला म्हणाली, "पाय पुढं कर." मी मागं सरकले, तर तिनं माझा घोटा धरून पाय पुढं ओढला आणि धुतला. मग दुसरा.

ओसरीवरून अण्णा म्हणाले, "ओढ्याकडून घुंगरं वाजली तवाच मला कळलं. चिरलेलं घुंगरू लपतंय व्हय? म्हणलं, निघाले हत्ती." मग ते हसले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "सुमे, पाटील कासरा दे म्हणले असतील."

"म्हणले."

"मंग?"

"न्हाई दिला."

अण्णा मायकडं वळले. "तुजा तो माणूस जितल्यावर थांबला, आन ही न्हाई थांबली. आता तूच सांग, तो थांबला काहून?"

मायनं तांब्या पालथा घातला. "सांगितलं न्हाई का तुमाला, पुस्तक अर्धंच हाय म्हणून? निघताना थांबू नको म्हणायला त्याची माय दारात नसंल." एवढं बोलून ती पुरण वाढायला आत गेली.